जळगाव नंबर दोन

तसा मी मूळचा कॉमर्सचा. डेबिट आणि क्रेडिट जुळले की जगात शांतता नांदते, एवढेच आम्हाला कॉलेजात शिकवले. पण शिंदखेड्यासारख्या गावात बँकेच्या कारकुनाला चार ओळी बऱ्या लिहिता येतात असा बोभाटा झाला, की मानपत्रापासून मंगलाष्टकांपर्यंत सगळे त्याच्याच काउंटरवर येऊन पडते. त्याच ओघात मी एकदा नाट्यसमीक्षक झालो.

त्याचे असे झाले. आमचे हेड कॅशियर आप्पा यांनी गणेशोत्सवासाठी तीन अंकी नाटक लिहिले. दिग्दर्शक आप्पा, नायक आप्पा आणि पहिल्या रांगेत टाळ्या वाजवायला आप्पांचे अख्खे घराणे. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या फळ्यावर चार ओळी लिहायचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले, ‘पहिल्या अंकात नायिकेचे वडील वारतात. नशीबवान माणूस! पुढचे दोन अंक त्यांना पाहावे लागत नाहीत.’

बस्स! आप्पा माझ्याशी बोलेनासे झाले. सोळा वर्षे आम्ही एका टेबलावर डबा उघडला होता. आता आप्पांच्या घरची कळण्याची भाकरी आणि ठेचा बंद झाला, आणि माझ्या नशिबी माझाच दुधीभोपळा आला. सर्व्हर डाऊन झाला तरी आप्पा माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघून उसासा टाकत. भिंतीचा मला हेवा वाटू लागला.

घरी सहानुभूती मिळेल म्हटले, तर सौभाग्यवती म्हणाली, “दुसऱ्याच्या नाटकाला नावं ठेवायला काय लागतं? स्वतः लिहून दाखवा की!”

जगातल्या यच्चयावत समीक्षकांना त्यांच्या बायकांनी हे ऐकवलेच असणार. पण खरोखरच नाटक लिहून दाखवणारा एक मराठी माणूस मला ठाऊक आहे. तो म्हणजे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर.

कोल्हटकर १८७१ साली नागपूरला जन्मले. १८९३ मध्ये ‘विविधज्ञानविस्तारा’त त्यांनी ‘विक्रम-शशिकला’ या नाटकाचे परीक्षण लिहिले, तेव्हा वय असेल बावीस. बावीसाव्या वर्षी दुसऱ्याच्या नाटकाचे परीक्षण करण्यात नवल नाही. नवल पुढेच आहे. तीनच वर्षांनी, १८९६ साली, किर्लोस्कर मंडळीने त्यांचे स्वतःचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले. न्यायाधीश आपल्या पायांनी चालत जाऊन आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला! एलएलबी ते पुढच्या वर्षी झाले. ‘मूकनायक’मध्ये त्यांनी दारूवर आणि ‘मतिविकार’मध्ये विधवाविवाहाच्या प्रश्नावर लिहिले. नाट्यपदांना पारशी नाटकांच्या ढंगाच्या चाली आणल्या. शाळेत आपण छाती फुगवून जे महाराष्ट्रगीत म्हटले, तेही त्यांचेच. ज्योतिर्गणितावर ग्रंथ लिहिला. म्हणजे काम आमच्यासारखेच ताळेबंदाचे, फक्त खातेदार आकाशातले.

आणि लोकांनी त्यांच्याही नाटकांना नावे ठेवलीच. कथानकात गुंतागुंत फार, संवादात कोट्या फार. देवलांची १८९९ सालची ‘शारदा’ अजून लोकांच्या ओळखीची आहे. ‘वीरतनय’ मात्र वाचनालयाच्या खालच्या कप्प्यात वाकून शोधावे लागते. पण राम गणेश गडकऱ्यांनी गुरू मानले ते याच माणसाला. शिवाय १९०२ साली ‘साक्षीदार’ हा लेख लिहून कोल्हटकरांनी जी विनोदाची वाट पाडली, तिच्यावरून आम्ही सगळे अजून चालतो आहोत. ‘सुदाम्याच्या पोह्यां’त सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या समाजाच्या खुळ्या रूढींची फजिती करतात, पण त्याआधी स्वतःची करून घेतात. फळ्यावर लिहिताना मी नेमके हेच विसरलो होतो.

अबोला नऊ महिने टिकला. मग २९ जूनला, कोल्हटकरांच्या जन्मदिवशी, वाचनालयाने माझे व्याख्यान ठेवले. आप्पा शेवटच्या रांगेत, छत्री मांडीवर घेऊन बसले होते. मी रंगात आलो.

“आणि मंडळी, हा थोर माणूस वकिली कुठे करायचा? आपल्या जळगावला! सकाळी गाडीत बसलात तर दुपारच्या जेवणाला पोचाल!”

टाळ्या पडल्या. तेवढ्यात एक निवृत्त गुरुजी उठले.

“ते जळगाव वेगळं. जळगाव-जामोद! बुलढाणा जिल्हा. वऱ्हाड.”

सभा गार झाली. माझ्या तोंडाला कोरड पडली. फळ्यावरची प्रत्येक ओळ आता माझ्यावर उलटणार, हे मला स्पष्ट दिसू लागले. आणि आप्पा उभे राहिले. गहिवरले किंवा रागावले की आप्पा अहिराणीत उतरतात; यातले कोणते, तेवढे कळेना.

“जाऊ द्या ना गुरुजी! चुकनं त चुकनं!” मग त्यांनी छत्री टेकवली. “परगावी मी शिंदखेड्याचा म्हटलं, की लोक जिजाऊंचं माहेर म्हणून हात जोडतात. ते सिंदखेड राजा, तेही बुलढाण्यातच. आपण कधी दुरुस्त करतो? गुपचूप नमस्कार घेतोच ना? बुलढाण्यानं आपल्याला जिजाऊ उसन्या दिल्या, तर एक वकील दिला म्हणून काय बिघडलं?”

सभा हसली. गुरुजीही हसले. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, कारण डोळ्यांचे काही खरे नव्हते.

परत जाताना पाऊस लागला. आप्पांनी न बोलता छत्री अर्धी माझ्यावर धरली. चौकापर्यंत आल्यावर मी कसेबसे म्हणालो, “आप्पा, ते फळ्यावरचं… जरा जास्तच झालं.”

“जास्त झालं, पण खोटं नव्हतं. नायिकेच्या बापाला पहिल्याच अंकात मारायला नको होतं. यंदा त्याला जिवंत ठेवलाय.”

“उत्तम!” मी म्हणालो.

“ते काम तुम्ही करायचं. तिन्ही अंक.”

दुसऱ्या दिवशी डब्यात ठेचा होता. सध्या मी भाषणे पाठ करतो आहे. फळ्यावर लिहिण्याचे काम मंडळाने त्या गुरुजींना दिले आहे.