तपासणी रोजचीच

पुण्यातील एका पेठेत आमचे कुटुंब खानावळ चालवते. दुपारी पंगतीला विद्यार्थी असतात; डबे मात्र बहुतांशी ज्येष्ठांच्या घरी जातात. मुले परगावी वा परदेशी, गुडघे थकलेले, ओट्याशी उभे राहणे अवघड. अशा घरांत आमचा डबा हेच दिवसाचे मुख्य जेवण असते. म्हणूनच अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या भेटीची तयारी मला केवळ परवान्यापुरती वाटत नाही.

हे अधिकारी पूर्वसूचना न देताही येतात. त्यामुळे घाईने भिंती रंगवून काही साधत नाही. ते पाण्याची टाकी पाहतात, धान्याचे डबे उघडतात, कच्चे आणि शिजलेले अन्न वेगळे ठेवले आहे का हे तपासतात. पाणी तपासणीचा अहवाल, कीडनियंत्रणाची नोंद, कामगारांच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीचे दाखले मागतात. तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली असतील, तर ते तेल वापरता येत नाही. हे सारे वहीत मांडता येते.

वहीत न मावणारी गोष्ट माणसाची असते. रोजंदारीवरच्या मावशींचे पोट बिघडले, तर त्या सांगत नाहीत. कारण सांगितले की दिवसाची मजुरी बुडते. म्हणून आम्ही ठरवले, की जुलाब, उलटी, ताप किंवा हाताला जखम असेल तर पगारी सुटी द्यायची. त्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात तिघींनी सुटी घेतली. यजमान हिशेबाची वही घेऊन काळजीत बसले. तेव्हा सासूबाईंनी पोळपाट पुढे ओढला आणि म्हणाल्या, "पोळ्या मी लाटते. आजारी हाताची पोळी कुणाच्या डब्यात नको."

त्यांचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. वाढत्या वयात रोगप्रतिकारशक्ती मंदावते, अनेकांचे जठराम्लही कमी होते. तरुणाला दोन दिवस त्रास देणारे जुलाब ऐंशीच्या घरातील व्यक्तीला शुष्कतेमुळे रुग्णालयापर्यंत नेऊ शकतात.

अधिकाऱ्यांची तपासणी मात्र आमच्या उंबरठ्याशी संपते. पुष्कळ आजी-आजोबा दुपारच्या डब्यातील निम्मे अन्न रात्रीसाठी राखून ठेवतात. शिजलेल्या भातातही काही जिवाणूंची बीजे टिकून राहतात. कोमट अवस्थेत ती वाढतात आणि त्यांतील काहींचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, असा दंडक आहे. आता आम्ही प्रत्येक डब्यावर स्वयंपाकाची वेळ लिहितो आणि रात्रीचा भाग डबा येताच फ्रिजमध्ये ठेवण्याची विनंती करतो.

घरातील वडीलधाऱ्यांसाठी डबा लावणाऱ्यांनी परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक अवश्य मागावा. स्वयंपाक किती वाजता होतो आणि आजारी कामगाराला सुटी मिळते का, हेही विचारावे. अशा प्रश्नांचा ज्याला राग येतो, त्याचा डबा बंद करावा.