निवेदन लिहायला शिकवणारा इतिहास

अमेरिकेतील नागरी हक्कांची चळवळ आपल्या वर्गात पोहोचते ती दोन-तीन नावांच्या आधारे. रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत, मार्टिन ल्यूथर किंग 1963 साली वॉशिंग्टनमध्ये बोलले आणि कायदे बदलले. मुलांच्या मनात उरते ते एवढेच की कोणीतरी थोर माणूस पुढे आला आणि अन्याय मिटला. इतिहास शिकवण्याच्या अनुभवातून माझे मत याच्या नेमके उलट बनले आहे. हा इतिहास मुलांना खऱ्या अर्थाने कळायचा असेल, तर त्यांनी निदान एकदा तरी शाळेतील असमानता पुराव्यानिशी मांडून, योग्य त्या दारी मागणी घेऊन जाण्याचे काम स्वतः केले पाहिजे. कारण ती चळवळ बऱ्याच अंशी याच कामातून उभी राहिली, आणि ते करणाऱ्यांत शाळकरी मुले होती.

व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड काउंटीत फार्मव्हिल नावाचे गाव आहे. तिथली रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूल ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा 1939 साली 180 विद्यार्थ्यांसाठी बांधली गेली. 1951 पर्यंत पटसंख्या 450च्या वर गेली होती. काउंटीने नवी इमारत देण्याऐवजी आवारात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून खोल्या उभ्या केल्या. रस्त्यावरून जाणाऱ्यांना त्या कोंबड्यांच्या खुराड्यांसारख्या दिसत. आत लोखंडी शेगडी असे. तिच्याजवळ बसणाऱ्याला घाम फुटे आणि दाराजवळचा कोट घालूनही कुडकुडत राही. पाऊस आला की छप्पर गळे, आणि काही मुले छत्री उघडून धडा ऐकत. शाळेला ना व्यायामशाळा होती, ना उपाहारगृह. त्याच गावातील गोऱ्या मुलांच्या शाळेत या सोयी होत्या. पालकांनी शाळा मंडळापुढे अर्ज-विनंत्या केल्या, त्यांना आश्वासने मिळत गेली. अखेर 23 एप्रिल 1951 रोजी 16 वर्षांच्या बार्बरा जॉन्सने सवंगड्यांसह बेत आखून मुख्याध्यापकांना काही निमित्ताने शाळेबाहेर पाठवले, सगळ्या विद्यार्थ्यांना सभागृहात जमवले आणि संप पुकारला. संप सुमारे दोन आठवडे चालला.

वर्गात शिकवताना मी सर्वाधिक वेळ देण्याजोगा भाग मानतो तो याच्या पुढचा आहे. मुलांनी एनएएसीपी या संघटनेच्या वकिलांना पत्र लिहिले. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन आले आणि त्यांनी अट घातली: केवळ चांगली इमारत मागायची असेल तर आम्ही येणार नाही, वर्णभेदी विभागणीलाच आव्हान द्यायचे असेल तर येऊ. आपल्याला नेमके काय हवे आहे, हे मुलांना आणि पालकांना तिथे ठरवावे लागले. कृष्णवर्णीय समाजातही त्यावर उघड मतभेद झाले. पुढच्याच महिन्यात 117 विद्यार्थ्यांच्या वतीने खटला दाखल झाला. पुढे तो इतर चार खटल्यांसोबत 'ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ' म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या पाचांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून जन्मलेला हा एकच. दरम्यान 1953 साली काउंटीने मोटनसाठी नवी, सुसज्ज इमारत बांधूनही दिली. मग तक्रार कसली उरली? हा प्रश्न मुलांपुढे टाकावा आणि गप्प राहावे. सोयी मिळणे आणि समान नागरिक म्हणून वागवले जाणे यांतील अंतर त्यांना त्या एका प्रश्नातून जेवढे उमगते, तेवढे दहा व्याख्यांतून उमगत नाही. 17 मे 1954 रोजी न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने जो निकाल दिला, त्याचा गाभा हाच होता.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे वर्गात राजकारण आणणे झाले. आक्षेप वरवरचा नाही, कारण शिक्षकाने आपली मते मुलांच्या तोंडी घालण्याचा धोका खराच असतो. पण मागणी मांडायला शिकवणे म्हणजे घोषणा पाठ करून घेणे नव्हे. मोटनच्या मुलांना पटसंख्या, खोल्या आणि सोयी यांची तुलना दाखवावी लागली. दुसऱ्या बाजूचे म्हणणे माहीत नसेल तर निवेदन पहिल्याच प्रश्नाला कोलमडते, म्हणून मुलांना काउंटीची बाजूही तितक्याच नेटाने मांडायला लावली पाहिजे. इमारत मिळाल्यावर खटला मागे घ्यावा असे मानणारा विद्यार्थी वर्गात निघाला, तर त्याला तसे लिहू द्यावे, पण पुराव्यासह. राजकारण टाळायचे म्हणून हा इतिहास केवळ सनावळीत बंद केला, तर तीही एका बाजूची निवडच ठरते. त्यातून मुले शिकतात ते एवढेच, की अन्याय ही पूर्वी आणि दूर देशी घडलेली गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: मुलांना संघर्षात ढकलण्याचा आपल्याला काय अधिकार? फार्मव्हिलमध्ये किंमत मोजावी लागली होती. शाळेच्या आवारात क्रूस जाळला गेला, मुख्याध्यापकांना नोकरी गमवावी लागली आणि सुरक्षिततेसाठी बार्बराला घरच्यांनी अलाबामातील मॉन्टगोमेरीला काकांकडे पाठवले. पुढे तर काउंटीने एकत्र शाळा चालवण्यापेक्षा 1959 साली सगळ्या सार्वजनिक शाळांना टाळे ठोकले. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली. बहुतेक कृष्णवर्णीय मुलांची शाळा मात्र सुटली, काहींची कायमची. सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये आदेश दिल्यावरच त्या शाळा पुन्हा उघडल्या. हे सारे मुलांपासून लपवू नये, आणि आजच्या वर्गातल्या मुलाला असल्या जोखमीत लोटूही नये. संप हे शिकवण्याचे साधन नाही. मोजणी, माहितीचा अर्ज, निवेदन आणि सुनावणीत दोन मिनिटे बोलणे ही साधने आहेत. कोणत्या मुलाचे नाव कागदावर यावे, हे पालकांना विचारूनच ठरावे.

आजची विषमता आणि त्या काळचा कायदेशीर वर्णभेद यांची सांगड घालणे अतिशयोक्तीचे आहे, असेही म्हटले जाते. दोन्ही एकच आहेत असे सरसकट म्हणणे अतिशयोक्तीचेच ठरेल. पण तुलना ही फरक शोधण्यासाठीही करायची असते. ब्राउन निकालानंतर 46 वर्षांनी, मुद्दाम त्याच तारखेला, 17 मे 2000 रोजी कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांच्या वतीने 'विल्यम्स' खटला दाखल झाला. यात वर्णानुसार वेगळी शाळा लावणारा कायदा नव्हता. तक्रार होती ती पुरेशी पुस्तके नसणे, प्रशिक्षित शिक्षक नसणे आणि मोडक्या इमारती यांची, आणि त्याची झळ मुख्यतः गरीब व अल्पसंख्य मुलांना लागत होती. 2004 च्या तडजोडीनंतर तिथल्या वर्गावर्गांत एक सूचना लावणे बंधनकारक झाले: पुस्तक, शिक्षक किंवा स्वच्छ, सुरक्षित जागा यांपैकी काही कमी असेल तर तक्रार कुठे करायची. कायदा भेद करत नसतानाही भेद कसा टिकतो, हा प्रश्न इतिहासाचाच आहे आणि त्याचे उत्तर 1954 च्या धड्यात पूर्णपणे सापडत नाही.

मराठी वर्गाला हा विषय परका नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 सालची 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, आणि 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सरकारचा शिक्षणावरचा खर्च कोणाच्या पदरात पडतो असा रोखठोक प्रश्न केला. ते निवेदन मुलांना नमुना म्हणून वाचायला दिले पाहिजे. आणि आजचे उदाहरण हवे असेल तर फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलला, तो घ्यावा. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळांना शिक्षण हक्क कायद्याखालील 25 टक्के राखीव प्रवेशांतून सूट मिळाली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. शासनाचे म्हणणे, पालकांचे म्हणणे आणि न्यायालयाचे म्हणणे अशी तिन्ही बाजूंची मांडणी नववीच्या मुलांकडून करवून घेता येते.

अभ्यासक्रम संपवायला वेळ पुरत नाही, हे खरे आहे. पण यासाठी वर्षभर लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकांचे प्रमाण, मुलामुलींसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, क्रीडांगण आणि ग्रंथालय यांचे निकष दिलेले आहेत. इतिहास-नागरिकशास्त्राच्या शिक्षकांनी या वर्षी मोटनचा धडा शिकवल्यावर आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी ते परिशिष्ट आणि यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदीतील आपल्या शाळेची माहिती मुलांच्या हाती द्यावी, त्यांच्याकडून एक पानाचे निवेदन लिहून घ्यावे आणि ते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडू द्यावे. मुख्याध्यापकांनी त्याला आडकाठी करू नये, आणि समितीने मुलांना लेखी उत्तर द्यावे.