नदीकाठची सोपी वाट

गेल्या नवरात्रात पुण्याहून नात आली होती. चौथीत आहे. शाळेने काम दिलं होतं, आपल्या गावच्या नदीविषयी पाच ओळी लिहा.

"आबा, भिंगारला कोणती नदी आहे?"

मी पेपरात डोकं घालून बसलो होतो. मान वर न करता म्हणालो, "नदी कुठली गं, नाला आहे."

पोरीने वहीत लिहिलं, 'आमच्या गावाला नदी नाही.' बाकीच्या चार ओळी कोऱ्या ठेवल्या आणि खेळायला गेली.

दुपारी ती वही उघडी दिसली आणि मला माझी आजी आठवली. तिच्यासमोर हे वाक्य कुणी बोललं असतं, तर तिने त्याला उभं केलं असतं.

साल 1972. पाऊस झालाच नव्हता. मी तिसरीत. विहिरींनी तळ दाखवला होता. पहाटे आजी मला उठवायची, "चल रं, नदीवर." तिच्या डोक्यावर घागर, माझ्या हातात तांब्या न् वाटी. वाळूत हातभर खोल झिरा उकरायचा आन् गप बसून राहायचं. तळाला पाणी पाझरायचं, ते वाटीवाटीने भरायचं. पहिली वाटी आजी परत वाळूतच ओतायची. मला राग यायचा. "एवढं थोडं पाणी, न् तू सांडतीस?" ती म्हणायची, "तिचं तिला द्यावं. उद्या परत यायचंय आपल्याला." निघताना झिऱ्यावर बाभळीची फांदी टाकायची, कुत्र्यामांजरांनी घाण करू नये म्हणून. त्या कोरड्या पात्राला ती नदीच म्हणायची. पाणी नव्हतं तेव्हाही.

आणि मी, पाणी वाहत असताना, नाला म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला म्हणालो, "चल, नदीवर." आमच्या मंडळींचे गुडघे दुखतात, पण त्याही निघाल्या. वाट तशी सोपीच. चढ नाही, कुठं पाणी ओलांडायचं नाही. गावामागून काठाकाठाने गाडीवाट जाते, तीच धरायची. घाई केली नाही तर तासाभराचं चालणं. पाऊस मात्र उघडलेला असावा. डोंगराकडं जोराचा झाला तर ओढ्याचं पाणी बघता बघता चढतं.

सुरुवात चांगली नाही, हे कबूल करतो. गावाजवळ सांडपाणी, पिशव्या, फुटक्या बाटल्या. नातीने नाकाला रुमाल लावला. मी काही बोललो नाही. वस्ती मागे पडली, तसा वास कमी झाला. मग बांधाला पिवळाधमक तरवड दिसू लागला. हीच फुलं घटाच्या माळेला लागतात. पोरीने ओंजळभर तोडली. पुढे वावरात ज्वारीची पेरणी चालली होती. एक टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. काठाच्या खडकाखाली खेकडा दिसला, तेव्हा रुमाल खिशात गेला.

मंडळी एका सपाट दगडावर टेकल्या. समोर पूर्वेला शहा डोंगरावर सलाबतखानाची कबर दिसत होती, आपण सगळे जिला चांदबिबी महाल म्हणतो ती.

"आबा, हे पाणी कुठं जातं?"

मी जोडून जोडून सांगू लागलो. हे जातं सीनेला. त्याच सीनेच्या काठी नगर वसलं. 1490 मध्ये मलिक अहमदने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला, आणि मग या भागात आपली राजधानी वसवली. निजामशाहीत इथल्या आसपासच्या शिवारातलं पाणी खापरी नळांनी शहरात आणि महालांत नेलं होतं. सीना पुढे सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. तिथल्या मंदिरात शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. भीमा कृष्णेला, कृष्णा समुद्राला.

ती पाण्याकडं बघत राहिली. "म्हणजे आपला नाला समुद्रात जातो?"

"जातो."

"मग नाला का म्हणतात?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण सांगायला लाज वाटली. नदीत कचरा टाकायला हात धजत नाही. नाल्यात टाकायला काही वाटत नाही. आधी नाव बदललं, मग आम्ही मोकळे झालो. मीही त्यातलाच. चाळीस वर्षं पुलावरून जाता येता मी खाली बघितलंसुद्धा नव्हतं.

आजीची वाटी आठवली. मी वाकून ओंजळ भरली आणि पाणी परत पात्रात सोडलं. पोरीने काही न विचारता तसंच केलं.

परतताना पुलाजवळ शेजारचे एक गृहस्थ भेटले. "काय, सहकुटुंब कुठं फेरी?"

"नदीवर गेलो होतो," मी म्हणालो.

"नदीवर? कोणत्या?"

मी पुलाच्या कठड्याकडं हात केला. ते खाली डोकावून बघू लागले.