आधी चुकून बघा

सातवीचा वर्ग, भिंतीवर टीव्ही आणि त्याला जोडलेला शाळेचा एकुलता एक लॅपटॉप. पडद्यावर एक सेल, एक बल्ब आणि हव्या तेवढ्या तारा. माउस एका मुलीच्या हातात होता. तिने तारेचं एक टोक सेलच्या एका बाजूला लावलं आणि दुसरं बल्बकडे न नेता थेट सेलच्याच दुसऱ्या बाजूला. लगेच पडद्यावर ज्वाळा दिसायला लागल्या. वर्गात एकच ओरडा झाला. ती मुलगी माउस सोडून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, मी बिघडवलं का?"

मी म्हटलं, "काही बिघडलं नाही. का पेटलं असेल, ते तूच शोध."

पुढच्या दहा मिनिटांत तिने तो सेल आणखी तीन वेळा पेटवला. कधी तार लांब घेतली, कधी मधे बल्ब घातला, मग तो काढून पाहिला. शेवटी म्हणाली, "बाई, मधे बल्ब असला की सावकाश जातंय. नुसती तार असली की लई जोरात धावतंय, म्हणून पेटतंय." शॉर्टसर्किटची याहून चांगली व्याख्या मी वीस वर्षांत कोणाकडून ऐकली नव्हती.

माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवते. गेली काही वर्षं आमच्या शाळासमूह केंद्राच्या शिक्षण परिषदेत इतर शिक्षकांना शैक्षणिक वेबसाइट कशा निवडाव्यात हे सांगण्याचं कामही माझ्याकडे आहे. 2015 नंतर आमच्या भागात लोकवर्गणीतून शाळाशाळांत टीव्ही आणि प्रोजेक्टर आले. उपकरणं आली, पण त्यांच्यावर काय लावायचं, हा प्रश्न तसाच राहिला. आता पालकांच्या हातातल्या फोनमुळे तो घरोघरी पोचला आहे. मला पुन्हा पुन्हा विचारतात, "बाई, मुलांसाठी चांगली साइट कोणती?" माझं उत्तर एकच असतं. मुलाला द्यायच्या आधी ती स्वतः उघडा आणि तिच्यावर जाणूनबुजून चूक करून बघा.

यामागे एक अनुभव आहे. अपूर्णांकांच्या सरावासाठी मी एकदा एक रंगीबेरंगी साइट निवडली होती. गाणी होती, उड्या मारणारं माकड होतं, बरोबर उत्तराला चांदण्या मिळत. चौथीतला एक मुलगा तासाभरात पन्नास चांदण्या मिळवून बसला. मला कौतुक वाटलं, म्हणून त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. तो प्रश्न वाचतच नव्हता. चार पर्याय एकामागून एक दाबायचे, चूक आली की 'टँऽऽ' असा आवाज व्हायचा, बरोबर आलं की माकड उडी मारायचं. चौथ्या दाबाला चांदणी ठरलेलीच. मी पाटीवर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश लिहून दिलं, तर त्याने दोन पंचमांश असं उत्तर लिहिलं. पन्नास चांदण्यांनंतरही गैरसमज जागच्या जागी होता. त्या साइटने त्याची चूक मोजली होती, पण ती चूक का, हे त्याला एकदाही दाखवलं नव्हतं.

'इंटरॅक्टिव्ह' हा शब्द आता प्रत्येक साइटवर असतो. बोट लावलं की काहीतरी हलतं, एवढ्यावर तो खपतो. पण हलणं म्हणजे संवाद नव्हे. संवादात माझ्या म्हणण्याचा परिणाम समोरच्यावर होतो आणि त्याच्या उत्तराने माझा विचार बदलतो. चांगली साइट मुलाला 'चूक' असं सांगून थांबत नाही. तू केलंस त्याचं काय झालं ते बघ, असं ती म्हणते.

सेल पेटवणारी ती साइट म्हणजे फेट. भौतिकशास्त्राचं नोबेल 2001 मध्ये मिळालेले कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. तिथली मंडळी एखादा प्रयोग तयार करताना विद्यार्थ्यांना समोर बसवतात, ते काय विचार करताहेत ते मोठ्याने बोलायला लावतात आणि जिथे ते अडखळतात तिथे प्रयोगात बदल करतात. याच विद्यापीठात झालेला एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पडद्यावर विद्युत परिपथ जोडून शिकलेल्या विद्यार्थ्यांनी नंतर खऱ्या तारा आणि बल्ब हातात घेतले, तेव्हा खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांपेक्षा सरस काम केलं. याचं कारण मला माझ्या वर्गात दिसलं. खऱ्या तारेतलं वाहणं डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावर मात्र इलेक्ट्रॉनचे ठिपके सरकताना दिसतात. बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे ते सारख्याच वेगाने चाललेले असतात. "वीज बल्बमध्ये खर्च होते" हा पक्का बसलेला समज ते ठिपके पाहून डळमळतो. मग मुलं विचारतात, "खर्च होत नाही तर बिल कशाचं येतं?" त्यातून ऊर्जेचा धडा आपोआप सुरू होतो.

गणितात हेच काम जिओजेब्रा ही साइट करते. शिरोलंबसंपात शिकवताना पुस्तकात तीन स्थिर आकृत्या असतात आणि मुलं त्या तिन्ही पाठ करतात. जिओजेब्रात एकच त्रिकोण काढायचा आणि त्याचा शिरोबिंदू धरून ओढायचा. लघुकोन असेपर्यंत संपातबिंदू आत असतो. काटकोन झाला की तो शिरोबिंदूवर जाऊन बसतो. विशालकोन होताच बाहेर पडतो. तीन आकृत्यांची एकच गोष्ट होते, आणि ती मुलाच्या हातून घडते.

चूक करून बघण्याच्या परीक्षेत साइट उतरली की मी आणखी तीन गोष्टी बघते. साइट आत शिरण्याआधी काय मागते, ही पहिली. मुलाचं नाव, जन्मतारीख, पालकांचा नंबर दिल्याशिवाय साधा पाढ्यांचा खेळही उघडत नसेल, तर मी तिथूनच परत फिरते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती असावी, असं म्हटलं आहे. माझ्या वर्गातल्या मुलाचा नंबर ही मी वाटून टाकायची वस्तू नाही.

दुसरी गोष्ट, ती साइट इंटरनेट नसताना चालते का. आमच्याकडे पावसाळ्यात रेंज जाते, उन्हाळ्यात वीज जाते. फेटचे नव्या पद्धतीचे प्रयोग एकेका फाइलमध्ये उतरवून घेता येतात, पेनड्राइव्हवर ठेवता येतात आणि बहुतेक ब्राउझरमध्ये उघडतात. याचं महत्त्व मला उशिरा कळलं. फ्लॅश या तंत्रावर चालणाऱ्या साइटची एक मोठी यादी मी दहा वर्षांत जमवली होती. 2020 च्या अखेरीस फ्लॅश बंद झालं आणि जानेवारी 2021 मध्ये माझ्या यादीतल्या निम्म्याहून अधिक जागी रिकामी चौकट दिसायला लागली. तेव्हापासून नुसत्या पत्त्यांची यादी मी करत नाही. जे उतरवून ठेवता येतं ते ठेवते आणि दर सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक गोष्ट उघडून बघते.

तिसरी गोष्ट भाषा. फेटचे अनेक प्रयोग मराठीत आहेत, पण भाषांतरातला शब्द आणि बालभारतीच्या पुस्तकातला शब्द नेहमी जुळतातच असं नाही. पुस्तकात 'विभवांतर' आणि पडद्यावर दुसरंच काही दिसलं, तर हुशार मूलही गोंधळतं. म्हणून तासाआधी मी फळ्यावर दोन रकाने करते, पुस्तकातला शब्द आणि पडद्यावरचा शब्द. ही पाच मिनिटं पुढचा अर्धा तास वाचवतात.

शोधायला सुरुवात कुठून करावी, असं विचाराल तर पाठ्यपुस्तकापासून करा. त्यातला क्यूआर कोड दीक्षा या साइटवर नेतो. तिथे बरंचसं साहित्य नुसतं बघण्याचं आहे, पण ते धड्याशी जोडलेलं असतं. नववीपासून पुढच्या प्रयोगांसाठी अमृता विश्व विद्यापीठम् आणि सी-डॅक यांची ओलॅब्स बघा. आणि एक साइट अशी आहे, जिच्या पानांवर फारसं काही हलत नाही, तरी मी तिला सगळ्यांत जास्त इंटरॅक्टिव्ह मानते. ती अरविंद गुप्ता यांची. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आगकाडी, स्ट्रॉ, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून काय काय करता येतं, ते तिथे आहे. मूल दोन मिनिटं बघतं, मग फोन खाली ठेवून काड्या शोधायला पळतं. साइटने मुलाला पडद्यापासून उठवलं, याहून मोठी पावती मला ठाऊक नाही.

गेल्या वर्षीची दिवाळीनंतरची गोष्ट सांगते. स्टेलॅरियम या साइटवर आकाश उघडलं आणि आमचं गाव निवडलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री चंद्र कुठे होता ते मुलांना शोधायला लावलं. तो सूर्याजवळच, क्षितिजाखाली सापडला. मग दिवस पुढे सरकवत कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आलो. चंद्र कृत्तिकांच्या जवळ पोचला आणि एकजण ओरडला, "कृत्तिका, म्हणून कार्तिक!" मग मुलांनी मार्गशीर्षात मृग, पौषात पुष्य, माघात मघा असं स्वतःच पडताळून पाहिलं. चंद्र दर वेळी नेमका त्या नक्षत्रावर येत नाही, कधी अलीकडे, कधी पलीकडे असतो, हेही त्यांच्या लक्षात आलं.

पौर्णिमेला रात्री आम्ही शाळेच्या मैदानावर जमलो. चंद्र वर आला, पण कृत्तिका दिसेनात. मुलं हिरमुसली. "बाई, कॉम्प्युटरवर तर चकाचक दिसत होत्या." सहावीतली एक मुलगी सरकत सरकत पाण्याच्या टाकीच्या सावलीत गेली, चंद्र टाकीआड घेतला आणि तिथून हाक मारली. टाकीच्या कडेला अंधुकसा पुंजका दिसत होता. सगळी मुलं त्या सावलीत दाटीवाटीने उभी राहिली.

चंद्राच्या झगझगाटात चांदण्या बुजतात, हे पडद्याने आम्हाला दाखवलं नव्हतं. ते त्या मुलीने शोधलं. तिसऱ्या दिवशी तिनेच लॅपटॉपवर चंद्रोदयाच्या वेळा पाहिल्या, चंद्र रोज उशिरा उगवतोय हे वहीत मांडलं आणि सांगितलं, "अजून दोन रात्री थांबा. चंद्र यायच्या आधी बघू." त्या रात्री कृत्तिका स्वच्छ दिसल्या. लॅपटॉप वर्गात बंद होता.