डब्यावरचे शून्य

अन्नाची पारख ही आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली विद्या आहे. तांदूळ नवा की जुना हे मुठीत घेताच कळावे, नारळ कानाशी हालवून त्याच्या पोटातले पाणी अजमावावे, कढलेल्या तुपाचा वास ओसरीवर येताच ते उतरवण्याची वेळ झाली हे ओळखावे, असे तिचे पाठ. या विद्येला अक्षरांची गरज नव्हती. पुढे मात्र असे पदार्थ बाजारात आले, की ज्यांच्यापुढे नाक आणि जीभ दोन्ही निरुपाय झाली.

त्यांत पहिला मान वनस्पती तुपाचा. विल्हेल्म नोर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली पातळ तेल घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट मिळवले. तापवलेल्या तेलात निकेल धातूच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला, की तेल थिजते. आपल्या देशात १९३७ पासून ‘डालडा’ हे नाव घरोघरी गेले आणि पुढे त्या नावानेच सगळी जात ओळखली जाऊ लागली. रूपाने हा पदार्थ तुपाच्या इतका जवळचा, की तुपातील भेसळ पकडता यावी म्हणून त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल मिसळण्याचे बंधन कायद्याने घातले; ठरावीक रासायनिक परीक्षेत ते तांबडा रंग दाखवून स्वतःची साक्ष देते. डोळ्यांना न पटणाऱ्या वस्तूच्या पोटात सरकारने अशी ओळखीची खूण ठेवली होती.

परंतु तेल अर्धवट घट्ट करण्याच्या या कृतीत आणखी एक गोष्ट निर्माण होत होती व तिची खूण कोणी ठेवली नव्हती. तेलाच्या रेणूत कार्बनच्या साखळीला जेथे दुहेरी बंध असतो, तेथे दोन हायड्रोजन सहसा एकाच बाजूस असतात व साखळीला बाक येतो. वर सांगितलेल्या कृतीत काही ठिकाणी त्यांतील एक दुसऱ्या बाजूस जातो आणि साखळी सरळ होते. लॅटिन भाषेत ‘सिस’ म्हणजे अलीकडचा व ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडचा. मांडवीच्या एकाच तीरावर दोघे भाऊ नांदत असावेत आणि त्यांतील एकाने पैलतीरी बिऱ्हाड करावे, तसे हे आहे. ट्रान्स फॅट या शब्दाचे मूळ एवढेच.

या स्थलांतराचे परिणाम मात्र लहान नाहीत. १९९० साली मेन्सिंक आणि कातान या नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले, की ट्रान्स फॅटमुळे रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटते. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगात दरवर्षी सुमारे ५ लाख हृदयरोगी यापायी मृत्युमुखी पडतात असा अंदाज दिला आणि हे औद्योगिक मेद अन्नातून हद्दपार करण्याचे आवाहन सर्व राष्ट्रांना केले. डेन्मार्कने तर २००३ सालीच कायद्याने त्यावर मर्यादा घातली होती.

आमच्या देवस्थानाच्या कोठीची व्यवस्था गेली काही वर्षे मजकडे आहे. मागील समाराधनेच्या आधी एका व्यापाऱ्याने १५ किलोचा वनस्पतीचा डबा नमुन्यादाखल पाठवला. त्यावर ठळक अक्षरांत ‘ट्रान्स फॅट फ्री’ असे छापलेले. समितीतील एक तरुण सभासद म्हणाला, “शून्य आहे, काका. मग तुपाचा खर्च कशाला?” आमचे वृद्ध आचारी, ज्यांना आम्ही सर्व भटमाम म्हणतो, त्यांनी चिमूटभर वनस्पती बोटांत चोळून पाहिली आणि एवढेच म्हणाले, “हें तूप न्हय.” दोघांचेही म्हणणे खरे होते, तथापि निर्णयाला दोन्ही अपुरे होते. म्हणून मी चष्मा पुसून डब्याच्या मागील बाजूचा बारीक मजकूर वाचावयास बसलो.

त्या शून्याचा अर्थ कायद्याच्या भाषेत पुढीलप्रमाणे आहे. आपल्याकडे १०० ग्रॅम पदार्थात ०.२ ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट असेल, तर त्यास ‘ट्रान्स फॅट फ्री’ म्हणता येते. हा दावा न करणाऱ्या मालासाठी मर्यादा वेगळी. २०११ साली वनस्पतीत १० टक्क्यांपर्यंत ट्रान्स फॅट चालत असे. पुढे ते प्रमाण ५ वर, २०२१ च्या आरंभी ३ वर आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आले. म्हणजे १५ किलोच्या डब्यात कायद्यात बसणारे ट्रान्स फॅट ३०० ग्रॅमपर्यंत असू शकते, तर ‘फ्री’ म्हणवणाऱ्या डब्यात ३० ग्रॅमहून कमी. ‘कायदेशीर’ आणि ‘मुक्त’ यांत असे दसपटीचे अंतर आहे.

ही मर्यादा किती मोलाची आहे, हे पंगतीच्या हिशेबाने पाहावे. २,००० कॅलरी आहार घेणाऱ्यास दिवसाला सुमारे २ ग्रॅम ही ट्रान्स फॅटची कमाल मर्यादा मानतात. सणाच्या दिवशी कोणाच्या पोटात ४० ग्रॅम वनस्पती गेली, तर २०११ च्या नियमाने त्यात ४ ग्रॅम असू शकले असते, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. आजच्या नियमाने ते ०.८ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये.

परदेशातून आप्तांनी आणलेली बिस्किटे वाचताना रीत बदलते. अमेरिकेत २००६ पासून ट्रान्स फॅटची नोंद सक्तीची झाली. पण एका वाढपात ०.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तेथे शून्य लिहिता येते. वाढप केवढे, हे पाकिटावर वेगळे छापलेले असते. ०.४ ग्रॅमची तीन वाढपे खाल्ली, तर तीन शून्यांची बेरीज १.२ होते! म्हणून कोणताही अंक वाचण्यापूर्वी तो कितीशा मालाचा आहे हे प्रथम पाहावे. उपवासाच्या चिवड्याचे पाकीटही याला अपवाद नाही.

नंतर घटकांची यादी पाहावी. तेथे ‘हायड्रोजनेटेड’ या शब्दाआधी ‘पार्शली’, म्हणजे अंशतः, असेल तर सावध व्हावे. ‘इंटरएस्टेरिफाइड’ हा शब्द असेल तर माल दुसऱ्या कृतीने घट्ट केलेला असतो. त्यात ट्रान्स फॅट नगण्य असले, तरी संपृक्त मेद पुष्कळ असू शकतो. आमच्या डब्याच्या यादीत हाच शब्द होता, आणि १०० ग्रॅममागे संपृक्त मेद निम्म्याच्या घरात. घरच्या तुपाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे, की तुपात संपृक्त मेद साठ टक्क्यांच्या आसपास असतो आणि गाईम्हशींच्या पोटात नैसर्गिकपणे तयार होणारे थोडे ट्रान्स फॅटही असते. आपल्याकडील लेबलावरची ट्रान्स फॅटची ओळ त्या नैसर्गिक अंशाविषयी बोलतच नाही.

हे सारे समितीपुढे मांडल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “वर्षातून एक दिवसाचे जेवण, त्याला एवढा काथ्याकूट कशासाठी?” प्रश्न रास्त होता. माझे उत्तर असे, की दुकानातील पाकीट ज्याला नको तो ते परत ठेवू शकतो. प्रसाद परत ठेवता येत नाही. पंगतीत बसलेल्या मधुमेही आजीला किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला पानातील पुरीचे लेबल दिसत नाही; वाढणाऱ्याने “घ्या, प्रसाद आहे” म्हटले की हात आडवा धरवत नाही. त्यांच्या वतीने वाचणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे कोठीवर खरेदी करणारा.

बराच वाद झाला. अखेर डबा परत गेला. पुऱ्या शेंगदाण्याच्या तेलात तळाव्यात, उरलेले तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा कढईत चढवू नये, अन्नशुद्धीला मात्र तूपच वाढावे असे ठरले. कारण पुन्हापुन्हा तापवलेले तेल बिघडते आणि त्यावर लेबल कोणीच लावत नाही. वाढलेला खर्च भागवण्यासाठी दोन पक्वान्नांपैकी एक वगळावे लागले. काही मंडळींचा त्यावरचा रोष अजून गेलेला नाही, आणि परंपरेबद्दलची त्यांची कळकळ मला परकी नाही.

भटमाम आता डबा येताच तो माझ्यापुढे ठेवतात आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवून “वाच” म्हणतात. मी वाचतो, मग ते बोटांत चिमूट घेऊन चोळतात. त्यानंतरच डबा कोठीत जातो.