लाल कसाचा काळा दगड

ओरोसच्या आसपास कुठेही पाया खणायला घ्या, जांभा लागतोच, आणि त्याला लाली देणाऱ्या खनिजांत हेमेटाइट आहे. तुळशीवृंदावनाला लावलेला गेरू, कोकण-गोव्यातल्या जुन्या देवळांच्या चुन्याच्या भिंतींवर कावी चित्रांत उमटलेली काव, वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीच्या खाणीतून निघून तिथल्याच बंदरातून बोटीत चढलेलं खनिज, या सगळ्यांत मुख्य द्रव्य तेच : लोहाचे दोन अणू, ऑक्सिजनचे तीन. शुद्ध असेल तर वजनात जवळजवळ 70 टक्के लोखंड. सोनार सोन्याला शेवटची झिलई देतात ती लाल रूज पूडही रासायनिकदृष्ट्या हीच. मण्यांच्या कामात मात्र हाच पदार्थ काळा, रुपेरी झाक असलेला, आरशासारखा चकचकीत होऊन हाती येतो. भट्टीकडे जाणारं आपल्याकडचं खनिज बरंचसं भुसभुशीत असतं. मण्याला घट्ट, बारीक कणांचा दगड लागतो. तो कापला, भोक पाडलं, की पाणी लाल होतं. या कामात असलेल्या माणसाने हेमेटाइटबद्दल काय सांगून तो विकावा, याचं उत्तर मला त्या लाल पाण्यातच दिसतं : दगड स्वतः जे सिद्ध करून दाखवतो तेवढंच.

आणि तो पुष्कळ सिद्ध करतो. त्याचं विशिष्ट गुरुत्व 5.2 च्या घरात, स्फटिकाच्या जवळपास दुप्पट. म्हणून छोटी माळही गळ्यात जाणवते. काठिण्य साडेपाच ते साडेसहा, म्हणजे वाळूपेक्षा कमी; धुळीने ओरखडे येतात, तेव्हा माळ इतर खड्यांपासून वेगळी, मऊ कापडात ठेवावी. वरून कितीही काळा दिसला तरी फरशीच्या मागच्या, झिलई नसलेल्या बाजूवर घासला की कस तांबूस लालच उमटतो. बाबिलोनियातल्या कारागिरांनी सुमारे चार हजार वर्षांपूर्वी याच दगडात इवल्या दंडगोल मुद्रा कोरल्या आणि त्यांवरच्या रेषा आजही स्पष्ट आहेत. कारागिराला दगडाकडून याहून जास्त काय हवं?

बाजारात मात्र तो विकला जातो रक्त वाढवणारा, वेदना ओढून घेणारा, मन जमिनीवर आणणारा म्हणून. त्यातही ‘चुंबकीय हेमेटाइट’चं ब्रेसलेट खूप खपतं. मणी एकमेकांना चिकटवून दाखवले की गिऱ्हाईक मान डोलावतं. पण खरा हेमेटाइट साध्या चुंबकाला जेमतेम दाद देतो; त्याचे मणी एकमेकांना चिकटत नाहीत. चिकटतात ते कारखान्यात भाजलेल्या फेराइटचे, तेच द्रव्य जे स्पीकरच्या चुंबकात असतं. म्हणजे औषधी गुणाचा पुरावा म्हणून जे दाखवलं जातं, त्यानेच तो दगड हेमेटाइट नसल्याचं ठरतं. रक्तवाढीचा दावा तर केवळ रंगावरून आला आहे. पूड रक्तासारखी लाल, म्हणून ती रक्तावर चालेल, असा तर्क रोमन काळापासून चालत आला. पण हे लोह ऑक्सिजनशी इतकं घट्ट बांधलेलं असतं की घामाने ते सुटून कातडीतून आत जात नाही.

यावर आयुर्वेदाचा दाखला दिला जातो : गैरिक, म्हणजे गेरू, औषधात वापरतातच ना? वापरतात, पण शोधन करून, मात्रा ठरवून, पोटात घ्यायला. त्या औषधाचं मूल्यमापन वेगळं. मनगटावरच्या मण्याला त्याची साक्ष लागू होत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो. माळ घातल्यावर शांत वाटतं असं माणसं मनापासून सांगतात, ती खोटं का बोलतील? ती खोटं बोलत नाहीत. हेमेटाइट काचेपेक्षा उष्णता कितीतरी लवकर वाहून नेतो, त्यामुळे हाताला थंड लागतो. त्यात त्याचा जडपणा. थंड, जड, गुळगुळीत वस्तू बोटांत फिरवताना मन स्थिरावलं तर तो अनुभव खरा आहे, आणि तो सांगून माळ विकायला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती त्या अनुभवाला औषध म्हणण्याला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. माळ विकत घेणाऱ्यांतही अनेक जणी याच वयाच्या. दम लागतो, चक्कर येते म्हणून त्यांतल्या एखादीने माळ घेतली आणि तपासणी सहा महिने लांबवली, तर नुकसान विकणाऱ्याचं होत नाही.

तेव्हा माळ घ्यायची तर जरूर घ्या, सुंदर वस्तू आहे. दुकानदाराकडे फरशीचा तुकडा मागा आणि एका मण्याचा कस स्वतः पाहा. मणी एकमेकांना चिकटत असतील तर हेमेटाइटचे पैसे देऊ नका. आणि थकवा जात नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात.