पणजोबांचा परिचय

सीताबर्डी, नागपूर

चि. छोटीस,

आपल्या प्रकाशनाच्या नव्या ग्रंथसूचीचा मजकूर वाचला. मुखपृष्ठ फार आवडलं. पण परिचयात पणजोबांना ‘थोर साहित्यसेवक’ केलंस, ते काढ. ते पोटासाठी मुंबईहून इकडे आले. नागपूर मध्यप्रांताची राजधानी, म्हणून छपाईचे खिळे जुळवणाऱ्याला इथे काम मिळे. असंच लिही, त्यात आपला मान आहे.

स्वतःचं प्रकाशन काढायचं बळ त्यांना आलं ते जावजी दादाजींच्या उदाहरणानं. घरातल्या वडीलधाऱ्याचं घ्यावं तसं ते जावजींचं नाव घेत. जावजींचा जन्म 1839चा, घर गरीब, शिक्षण जेमतेम. लहान वयात ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर खिळे घासायला लागले. तिथे टॉमस ग्रॅहम देवनागरीचे ठसे घडवत. ती विद्या जावजींनी नजरेनं आणि हातानं उचलली. 1864 साली त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना. आधी अक्षर, पुस्तक नंतर! काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं मिळून देवनागरीला शेकडो खिळे लागतात. त्यातला एक जरी बोजड निघाला तरी सगळी ओळ विद्रूप दिसते. निर्णयसागरची ओळ तशी कधी दिसली नाही, याचं श्रेय राणोजी रावजी आरूंच्या ठसे कोरणाऱ्या हातांनाही आहे. त्याच अक्षरांत 1886पासून ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथमाला निघू लागली. संपादक जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब. खिळे घासणाऱ्या पोरानं संस्कृत पंडितांच्या हाती त्यांचेच ग्रंथ शुद्ध आणि देखणे करून दिले, हे मला आजही विलक्षण वाटतं. 1892 साली जावजी गेले. पुढच्या पुस्तकांवर प्रकाशक म्हणून तुकाराम जावजी, मग पांडुरंग जावजी अशी नावं येत राहिली.

आणि एक. आपल्या प्रत्येक पुस्तकात अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव छापायची रीत पणजोबांनी घातली. सूचीच्या नमुना पानावर तू ते जागेसाठी गाळलंस. आता जुळणी संगणकावर होते, पण रफार कुठे बसतो आणि ओळ कुठे तुटते हे पाहणारं माणूसच असतं. नाव परत घाल. जागा हवी असेल तर माझा फोटो काढून टाक.

प्रूफ आलं की बर्डीच्या पत्त्यावर कागदावरच पाठव.

तुझा,
मोठा काका